राइट टू बायमध्ये काउन्सिलने उशीर केला तर तक्रार किती दिवसांत करावी लागते?

तुम्ही लिहिलंय की ‘राइट टू बाय’खाली, म्हणजे भाडेकरूला राहतं काउन्सिलचं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या योजनेत, लंडनमधला काउन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) फ्लॅट विकत घ्यायला ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज दिला, ऑफर फार उशिरा हातात पडली आणि किंमत अवाच्या सवा वाटते. माझ्या सासऱ्यांच्या फ्लॅटची सगळी कागदपत्रं मीच सांभाळली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक कळकळीची विनंती. वैतागून अर्ज मागे घेऊन नवा भरू नका. लंडनमध्ये तेव्हा १,३६,४०० पौंडांपर्यंत सवलत मिळायची. २१ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या अर्जांना लंडनच्या बहुतेक बरोंमध्ये (पालिका विभागांमध्ये) जास्तीत जास्त १६,००० पौंडच मिळतात. तुमचा अर्ज त्याआधीचा आहे, त्यामुळे तुम्हाला जुनी सवलत लागू आहे. घराची किंमतही अर्जाच्या तारखेची धरतात, ऑफरच्या तारखेची नाही.

किंमत पटत नसेल तर तक्रारीचा रस्ता सोडा. डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडून (घराची किंमत ठरवणारा सरकारी अधिकारी) फेरमूल्यांकन मागा, पण ऑफर मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आणि घर घ्यायचंय की नाही हे काउन्सिलला १२ आठवड्यांत लेखी कळवा. गप्प राहिलात तर ते २८ दिवसांची स्मरणनोटीस पाठवू शकतात आणि तीही गेली की अर्ज मागे घेतल्याचं मानलं जातं. तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. माझ्या मते लोकांचं खरं नुकसान इथेच होतं.

आता उशिराबद्दल. अर्जाला चार आठवड्यांत होकार-नकार (काउन्सिल तुमची घरमालक होऊन तीन वर्षं झाली नसतील तर आठ) आणि त्यानंतर फ्लॅटसाठी १२ आठवड्यांत ऑफर, असा कायदा आहे. काउन्सिल हलत नसेल तर उशिराची नोटीस म्हणून आरटीबी६ फॉर्म द्यायचा. त्यात उत्तराला किमान एक महिना द्यावा लागतो. उत्तर नाही आलं तर पुढची नोटीस म्हणजे आरटीबी८ फॉर्म, आणि तिथून पुढे भरलेलं भाडं किमतीतून वजा होतं. सासऱ्यांच्या वेळी आरटीबी६ गेल्यावरच फाईल हलली. तुमची ऑफर आलेली असल्यामुळे मागच्या उशिराला हा उपाय आता चालणार नाही, पण विक्री पुढे रेंगाळली तर नक्की वापरा.

मागच्या उशिराची तक्रार आधी काउन्सिलकडे, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था). तिथली मुदत १२ महिन्यांची, आणि ती काउन्सिलच्या शेवटच्या पत्रापासून नव्हे, तर चूक तुमच्या लक्षात आली तेव्हापासून मोजतात. तुमची ऑफर डिसेंबर २०२४ पर्यंत यायला हवी होती, म्हणजे घड्याळ साधारण तेव्हापासूनच चालू झालं. मुदत उलटून गेली असली तरी सबळ कारण असेल तर ओम्बुड्समन सूट देऊ शकतात, पण आरटीबी६ का दिला नाही हे विचारतील. आजारपण असो वा काउन्सिलने दिलेली चुकीची माहिती, कारण तारखांसकट लिहा.

ऑफर कोणत्या तारखेला मिळाली ते कळवा, म्हणजे व्हॅल्युअरची मुदत उरली आहे का ते सांगता येईल.