पॅरिस आधी की आउसलेंडरबेहोर्डे (परदेशी नागरिकांचं कार्यालय) आधी? (डी व्हिसावर मुलांसह निघणाऱ्यांसाठी)

ताई, तुमचा बेत वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. यजमान जर्मनीत स्टुटगार्टजवळ आधीच रुजू झालेत. तुम्ही सात आणि तीन वर्षांच्या मुलांना घेऊन नाशिकचं गंगापूर रोडचं घर बंद करून निघताय. तिघांचा डी व्हिसा, म्हणजे राहायला जाण्याचा जर्मन व्हिसा, तीन महिन्यांचा आहे, आणि त्यातले पहिले तीन-चार आठवडे पॅरिस, इंटरलाकेन, व्हिएन्ना करून मग 'निवांत' कागदपत्रांना लागायचं, असं तुम्ही लिहिलंय. एकदा शाळा सुरू झाली की फिरणं होत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण हा क्रम उलटा करा.

बॅगांचं वजन, व्हिसाची फाइल, मुंबई विमानतळासाठी नाशिकहून किती वाजता निघायचं, यात मी जात नाही. तेवढं तुम्हाला माहीत असणारच.

बेत बेकायदेशीर आहे का, हा तुमचा मुख्य प्रश्न. नाही. व्हिसाच्या स्टिकरवर फक्त जर्मनीचं नाव असतं म्हणून बरेच जण घाबरतात. पण 2010 पासून डी व्हिसावर इतर शेंगेन देशांत (समान व्हिसाच्या युरोपीय देशांत) 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं, आणि जर्मनीत घालवलेले दिवस त्या 90 मध्ये धरत नाहीत. पॅरिसला उतरून पुढे जर्मनीत जाणंही चालतं.

अडचण येते ती कॅलेंडरची. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. यजमानांची नोंदणी झाली असली तरी तुमची आणि मुलांची वेगळी करावी लागते. ती झाली की आउसलेंडरबेहोर्डेकडे निवासी कार्डाचा अर्ज. हा अर्ज व्हिसा संपायच्या आत पोचलाच पाहिजे. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात, मग बोटांचे ठसे, मग कार्ड छापून यायला आणखी काही आठवडे. तीन महिन्यांतला पहिला महिना फिरण्यात गेला तर उरलेल्या दोन महिन्यांत हे सगळं बसणं कठीण आहे. शिवाय अपॉइंटमेंटचा मेल कधीही येतो. तुम्ही इंटरलाकेनला असताना आला आणि तारीख चुकली, की पुन्हा रांगेच्या शेवटी.

आता ज्यासाठी मुळात लिहायला घेतलं ते. अर्ज वेळेत गेला पण कार्ड आलं नाही, तर मधल्या काळासाठी फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग नावाचा घडीचा कागद देतात. आत तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर खूण असते. तिसरा चौकोन जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 पोटकलम 4 चा. त्यावर खूण असेल तर तुमचा आधीचा व्हिसा चालू आहे असं धरलं जातं आणि जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. वरच्या दोन चौकोनांवर, म्हणजे पोटकलम 3 वर खूण असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर गेलात तर त्या कागदावर परत आत येता येत नाही. डी व्हिसावर आलेल्या माणसाने मुदतीत अर्ज केला असेल तर चौथं पोटकलमच लागू होतं. आमच्या इथल्या कार्यालयाने (गावाचं नाव घेत नाही) तरीही तिसऱ्या पोटकलमावर खूण करून दिली. दुरुस्ती मागितली तर खिडकीवरच्या बाईंनी कागद उघडूनही पाहिला नाही, 'नवी अपॉइंटमेंट घ्या' एवढंच सांगितलं, आणि मेलला उत्तर आलं ते सगळी बुकिंगं बुडाल्यावर. मुलांना घेऊन त्या दारात उभं राहिलेल्या माणसाशी असं वागतात याची चीड अजून जात नाही. म्हणून सांगते, तो कागद हातात पडला की खिडकी सोडायच्या आधी उघडा, खूण कुठे आहे ते बघा, चौघांपैकी ज्याचा ज्याचा असेल त्याचा वेगवेगळा बघा. आणि 'तुमचा अर्ज मिळाला' असा नुसता मेल म्हणजे हा कागद नव्हे. कोणी काहीही सांगो, त्या मेलवर देशाबाहेर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर योग्य चौकोनावर खूण असली तरी कार्ड येईपर्यंत मुलांना घेऊन सीमा ओलांडू नये. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद ओळखू येईलच असं नाही. मी वकील नाही, आणि प्रत्येक गावच्या कार्यालयाची रीत वेगळी असते, हे धरून चाला.

मग पहिले दोन-तीन महिने काय करायचं? जर्मनी बघा. डॉइचलँडतिकिट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास घ्या, 2026 पासून महिना 63 युरो, सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत. धाकट्याला तिकीट लागत नाही, सहा वर्षांखालची मुलं फुकट. सात वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःचं घ्यावं लागतं. उलट आयसीईत 14 वर्षांपर्यंतचं मूल पालकांबरोबर फुकट जातं, फक्त बुकिंग करतानाच त्याची नोंद करायची. त्यामुळे लांबच्या एखाद्याच सहलीसाठी दोन्हींचा हिशेब करून बघा. डॉइचलँडतिकिट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा.

तुमच्या भागातून लुडविग्सबुर्गचा राजवाडा एस-बानने (उपनगरी लोकलने) होतो. उल्मच्या चर्चचा मनोरा 161.53 मीटर उंच आहे. हेखिंगेनजवळचा होहेनझोलर्न किल्ला, त्रिबेर्गचा धबधबा, बोडेनझे सरोवरातलं मैनाऊचं फुलांचं बेट, सगळं प्रादेशिक गाडीने जमतं. श्वार्झवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) भागात मुक्काम केलात तर तिथल्या बऱ्याच गावांत पाहुण्यांना कोनुस कार्ड देतात, त्यावर बस-रेल्वे फुकट. हॉटेलवाल्याकडे आठवणीने मागा.

इथे एक सांभाळा. डॉइचलँडतिकिट म्युनिकहून थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं आणि साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे. गाडीत बसल्या बसल्या देश बदलतो, आणि परतताना जर्मन हद्दीतल्या फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढून पासपोर्ट बघतात. सीमेवरच्या कॉन्स्टान्झ गावातही तसंच, चालत चालत माणूस स्वित्झर्लंडच्या क्रॉइझलिंगेनमध्ये जातो. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आहे. व्हिसा चालू असेल तर काळजी नाही, मात्र मूळ पासपोर्ट सगळ्यांचे जवळ हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

पॅरिसची घाई तर अजिबात करू नका. स्टुटगार्टहून थेट गाडी साधारण सव्वातीन तासांत पोचवते, आपल्याकडे नाशिकहून पुण्याला त्याहून जास्त वेळ लागतो. कार्ड हातात आलं की मे-जूनमधल्या दोन आठवड्यांच्या फिंग्स्टफेरियन या शाळेच्या सुट्टीत जा. सुट्टीला जोडून दोन दिवस शाळा बुडवायची मात्र इथे सोय नाही. विनापरवानगी गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होतो.

आणखी काही सुटं सुटं. निवासी कार्डासाठी नाशिकहून छापील फोटो आणू नका. मे 2025 पासून डिजिटल फोटो लागतो, तो इथल्या स्टुडिओत किंवा कार्यालयातल्या मशीनवर काढायचा. मुलांच्या पासपोर्टची मुदत बघा, कार्ड पासपोर्टच्या मुदतीपुढचं मिळत नाही. सरकारी आरोग्य विमा कंपनीत यजमानांच्या हप्त्यातच तुम्ही तिघं येता, पण विमा कार्डाच्या मागची युरोपीय बाजू भारतीय नागरिकांना स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. तिथे जाताना प्रवास विमा वेगळा काढा. भाड्याच्या गाडीने फिरायचं असेल तर आपलं लायसन्स इथे सहा महिने चालतं. सोबतचा आंतरराष्ट्रीय परवाना नाशिकच्या आरटीओतून निघायच्या आधीच काढा. आणि गाडी घेऊन स्विस मोटरवेवर एका दिवसासाठी गेलात तरी टोलचा स्टिकर वर्षाचाच घ्यावा लागतो, 40 फ्रँकचा.