नवा हुप्प्या पिल्लं मारतोय, म्हणून त्याला पकडून नेऊ देऊ नका

तुमच्या सोसायटीमागच्या वानरांत नवा हुप्प्या, म्हणजे टोळीचा मुख्य नर, आला, त्याने दोन पिल्लं मारली आणि आता सगळे म्हणताहेत की तो पिसाळलाय, पकडून लांब सोडा. कळकळीने सांगते, त्या अर्जावर सही करू नका. आमच्या गावात हेच घडलं होतं. मी वन्यजीवतज्ज्ञ नाही, जीवशास्त्र शिकवते. तुमच्याकडे थोडंफार वेगळं असू शकेल.

तो पिसाळलेला नाही. पिलू अंगावर पीत असेपर्यंत मादी सहसा माजावर येत नाही, पिलू गेलं की लवकर येते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी १९७१ पासून राजस्थानातल्या माउंट अबूची वानरं अभ्यासली. तिथे एका नराची सत्ता सरासरी दोन-सव्वादोन वर्षंच टिकायची. त्यातले साडेसहा-सात महिने गर्भारपणात जातात. दुसऱ्याचं पिलू मोठं होईतो थांबलेल्या नरांचा वंश मागे पडला, न थांबणाऱ्यांचा वाढला. हुप्प्या मनात हिशेब करत नाही. तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. नेपाळात रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासले, तेव्हा (१९९९) मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचं निघालं. माद्याही गप्प बसत नाहीत. गाभण मादीसुद्धा नव्या नरापुढे पाठ करून, डोकं थरथरवून माजावर असल्यासारखी वागते.

हे सगळं मी एका कार्यालयाला लेखी दिलं होतं. साहेबांनी कागद उलटूनही पाहिला नाही. ‘लोकांचा दबाव आहे, मॅडम.’ पिंजरा लागला, हुप्प्या गेला. थोड्याच दिवसांत बाहेर टपलेल्या नरांच्या टोळीतला दुसरा आला. उरलेली तान्ही पिल्लं त्याने मारली, आणि पहिल्या हुप्प्यापासून गाभण राहिलेल्या माद्या व्यायल्या तेव्हा तीही. पहिला हुप्प्या तिथेच असता तर याच पिल्लांसाठी तो जीव खाऊन लढला असता. अजूनही संताप होतो.

कुणी परस्पर माकडं पकडणारा बोलावत असेल तर थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानर असं परस्पर पकडणं गुन्हा आहे. केळी-बिस्किटं टाकणंही बंद करा, माझ्या मते निम्मी कटकट तिथूनच सुरू होते. आणि एखादी आई मेलेलं पिलू कवटाळून फिरताना दिसली तर ते काढून घ्यायला जाऊ नका. कधी कधी ती कित्येक दिवस सोडत नाही. कुत्री तेवढी बांधून ठेवा.