लॉट नंबर वाचता का?

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, प्रश्न मात्र फिरून फिरून एकच: "सर, कोणतं अॅम्युनिशन चांगलं?" एकेकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून या वेळी सगळ्यांना एकदम उत्तरं देतोय. बहुतेक प्रश्न पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलचे आहेत. एक पत्र टेक्सासहून आलंय.

प्रश्न : ईली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस आणि आरडब्ल्यूएस आर-५० या काडतुसांत पहिला नंबर कुणाचा? (विद्यार्थी, पुणे)

तुमचं बॅरल, म्हणजे रायफलची नळी, ठरवेल त्याचा.

प्रश्न : स्वप्निल कुसाळेने पॅरिसला जी काडतुसं वापरली तीच मुलाला घ्यावीत असं क्लबात सगळे म्हणतात. आपलं मत? (पालक, सातारा)

त्याचं बॅरलही घेणार आहात का? कांबळवाडीच्या या पोराने १ ऑगस्ट २०२४ रोजी थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) अंतिम फेरीत ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं. त्यामागे किती वर्षांची गुडघ्यावरची बैठक आहे ते विचारायला कुणी फोन करत नाही, डब्याचा रंग विचारायला करतात. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोनमध्ये (झोपून नेमबाजीत) जगज्जेती झाली तेव्हाही हेच. मुलाच्या कोचशी बोला, क्लबातल्या "सगळ्यां"शी नको.

प्रश्न : हाय व्हेलॉसिटी राउंड (काडतूस) जास्त वेगाने जातो, म्हणजे त्याला वारा कमी लागत असेल ना? शिवाय स्वस्तही पडतो. (नवोदित, नाशिक)

नाही. उलट आहे. मॅचचा, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेला, राउंड नळीतून सेकंदाला ३२० ते ३३० मीटरने निघतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडा खालीच. तो मुद्दाम तसा भरलेला असतो. हाय व्हेलॉसिटीचा राउंड ३८० च्या आसपास सुटतो आणि लक्ष्यापर्यंत पोचता पोचता ध्वनीच्या वेगाशी येऊन ठेपतो. या पट्ट्यात हवेचा रोध एकदम वाढतो, वेग भराभर पडतो, आणि वारा गोळीला किती ढकलेल हे त्या पडण्यावरच ठरतं. साध्या मॅच राउंडलाही ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर पंधरा मिलिमीटरच्या आसपास सरकवतो. लक्ष्यावरच्या दोन कड्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे, हिशेब तुम्हीच करा. त्यात आणखी भर कशाला घालता?

प्रश्न : मुलगी राज्य स्पर्धा खेळते. गेल्या वर्षी ज्या राउंडने तिने ५८५ गुण मारले, त्याच कंपनीचा तोच डबा यंदा आणला, तर गोळ्या आठच्या कड्याला जायला लागल्या. कोच म्हणतात पोरगी ढिली पडली. दुकानदार म्हणतो बॅरल गेलं, नवं टाका. काय करू? (पालक, कोल्हापूर जिल्हा)

आधी पोरीला बोलणं बंद करा. मग दोन्ही डबे हातात घ्या, उलटे करा आणि झाकणाच्या कडेला छापलेला लॉट नंबर वाचा. तो वेगळा निघाला, तर तुम्ही "तोच डबा" आणलेलाच नाही. रंग तोच आणला.

हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर जातीचं, त्याच्या रिममध्ये, म्हणजे बुडाच्या कडेत, स्फोटक मसाला ओला भरून फिरवून पसरवतात. तो सगळीकडे सारखा बसला तर ठिणगी सारखी पडते. मग दारू, शिशाची गोळी, तिच्यावरचं मेण, केसच्या तोंडाची गोळीवरची पकड. यातल्या एकेका गोष्टीत केसभर फरक पडला की गोळीचा वेग बदलतो, आणि वेग सेकंदाला दहा मीटरने कमीजास्त झाला की पन्नास मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वरखाली जाते. म्हणजे एक कडं गेलं. एका दिवशी एका यंत्रावरून निघालेला माल म्हणजे एक लॉट. पुढच्या लॉटला नाव तेच, किंमत तीच, स्वभाव वेगळा. आणि त्यातला कुठला स्वभाव तुमच्या बॅरलला मानवेल हे कारखानदारालाही सांगता येत नाही. म्हणून तर लापुआची जर्मनीत शोनेबेकला आणि ईलीची बर्मिंगहॅमला चाचणी केंद्रं आहेत. जगभरचे नेमबाज रायफल घेऊन तिथे जातात, एकामागून एक लॉट झाडून बघतात आणि मगच माल उचलतात.

आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. रायफल पक्क्या शिकंजात बसवा, म्हणजे माणसाचा श्वास, खांदा, घोड्यावरचं बोट हे सगळं बाजूला पडतं. पहिले काही राउंड नळीला रुळायला द्या. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचे पुंजके, घ्या. पाचचे नकोत. पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप कुठल्याही भिकार लॉटमधून कधी ना कधी निघतो, आणि तोच मोबाइलवर फोटो काढून सगळीकडे फिरतो.

मोजायचं कसं? दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, आणि कडा नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरच्या आत ग्रुप असेल आणि तो बरोबर मध्यावर असेल, तर सगळे दहा. मागे अशाच एका मुलीची रायफल शिकंजात लावली होती. पहिल्या लॉटचे चार ग्रुप व्हर्नियरने मोजले : १७, १८, १७, १९. दुसरा डबा फोडला, छाप तोच, मेणाचा वासही तोच. २६, २४, २८, २५. शिकंजात ना पोरगी होती, ना तिचं "ढिलं पडणं". वडील व्हर्नियरकडेच बघत बसले.

आता व्यापाराचं. काही विक्रेते पाचशे राउंडच्या ब्रिकमध्ये, म्हणजे दहा डब्यांच्या गठ्ठ्यात, दोन-तीन लॉटचे डबे मिसळून देतात. मला स्वतःला एकाने असं दिलंय आणि वर "सर, एकच कंपनी आहे की" असं ऐकवलंय. दुकानातच ब्रिक उघडा आणि दहाही डब्यांचे नंबर बघा. "टेस्टेड लॉट" असा स्टिकर लावून जास्त पैसे मागितले तर विचारा, कुणाच्या बॅरलमधून टेस्टेड? महागाच्या नावालाही भुलू नका. काही कारखान्यांत एकाच यंत्रावरचा माल चाचणीनंतर वेगवेगळ्या प्रतींत वाटला जातो. तुमच्या बॅरलला खालच्या प्रतीतला एखादा लॉट जास्त मानवलेला मी पाहिलाय.

आणि लॉट सापडला की दिरंगाई नको. "घरी विचारून सांगतो सर" म्हणून गेलेले लोक तीन आठवड्यांनी उगवतात, तोवर तो लॉट दुसऱ्याच्या कपाटात गेलेला असतो. मग माझ्यापुढे हळहळतात. परवान्यात बसेल तेवढा साठा त्याच वेळी घ्या.

बॅरल बदलायची घाई मुळीच करू नका. जुन्या लॉटचे चार-सहा राउंड उरले असतील तर जपून ठेवा, तुलनेला लागतील. स्टॉकचे (दस्त्याचे) आणि साइटचे स्क्रू सैल आहेत का ते गनस्मिथकडून बघून घ्या, मुलीचे डोळे तपासून घ्या, आणि कोचना शिकंजाच्या चाचणीला सोबत न्या. त्यांनाही ते आकडे बघू द्या.

प्रश्न : राउंड वजन करून आणि रिमची जाडी मोजून निवडले तर स्वस्तातला डबा मॅचचा होतो असं ऐकलं. (ठाणे)

ऐकलं कुणाकडून? टोकाचे वाईट राउंड थोडेफार बाजूला पडतील, पण मसाला रिममध्ये कसा पसरलाय हे तराजूला दिसत नाही. तो वेळ ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे गोळीविना सरावाला, द्या.

प्रश्न : कंपनी बदलली की स्कोअर पडतो. नळी साफ करायची का? (मुंबई)

हो. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं, जुन्यावर नवं बसेपर्यंत गोळ्या भटकतात. साफ करा, मग दहा-वीस राउंड मारून नळी स्थिरावू द्या, त्यानंतरच मत बनवा. ब्रश कोणता आणि रॉड कुठून घालायचा हे गनस्मिथकडून एकदा समोर बसून शिका. चुकीच्या रॉडने नळीचं तोंड खराब झालेली रायफल गोळ्यांनी झिजलेल्या रायफलीपेक्षा जास्त वेळा माझ्यासमोर येते.

प्रश्न : इथल्या क्लबमध्ये हजार यार्डांवर पॉइंट थ्री-झीरो-एटने एफ-टीआर (रायफल दुपायावर टेकवून लांब पल्ल्याची नेमबाजी) खेळायला लागलोय. फॅक्टरी मॅच राउंडमध्ये १६८ ग्रेन वजनाची गोळी घेऊ की १७५? दुकानात १६८ चा वेग जास्त लिहिलाय. (मूळचा सांगलीचा, सध्या टेक्सास)

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, तिथे १७५ घ्या. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी तीनशे मीटरच्या खेळासाठी बनली. तिथे ती झकास चालते, पण हजाराच्या अलीकडेच ती ध्वनीच्या वेगापाशी येते आणि डगमगायला लागते. १७५ ची मागची बाजू वेगळ्या कोनात उतरवलेली आहे, ती तो पल्ला जास्त शांतपणे गाठते. फेडरल कंपनीच्या डब्यांवर १६८ ला २६५० आणि १७५ ला २६०० फूट प्रतिसेकंद छापलंय. सुरुवातीच्या त्या पन्नास फुटांवर जाऊ नका, शेवटी किती वेग उरतो ते बघा. छापील वेगही कारखान्याच्या चाचणी-नळीतला असतो, तुमच्या रायफलचा वेग क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) मोजा. तुमच्या नळीचा ट्विस्ट (आतल्या आट्यांचा पीळ) किती आहे ते न सांगता तुम्ही दोन पानं लिहिलीत. तो घेऊन क्लबातल्या जुन्या एफ-टीआरवाल्याकडे जा. लॉटचा नियम तिकडेही लागू आहे.

प्रश्न : वर्षाला किती राउंड घेता येतात? मित्र म्हणतो खेळाडूला मर्यादाच नसते. (अहिल्यानगर)

मित्राला परवाना शाखेत पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. मर्यादा असते, ती तुमच्या परवान्यावर आणि खेळाडू म्हणून तुमच्या दर्जावर ठरते. राज्य संघटनेकडून लेखी घ्या.

प्रश्न : रिमफायरची रिकामी केस घरी पुन्हा भरता येते का? (सोलापूर)

नाही. आणि पुन्हा विचारू नका.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात मॅच राउंडचे दहा-बारा वर्षांपूर्वीचे चार डबे सापडले. घर समुद्राजवळ आहे. सरावाला वापरू का? (रत्नागिरी)

आधी ते डबे आज कुणाच्या परवान्यावर आहेत हे बघा. वडील हयात नसतील तर त्यांना हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात आणि परवाना शाखेत जा. कागद नीट असले तरी बारा पावसाळे कोकणात काढलेल्या राउंडवर माझा भरवसा नाही. पितळेवर हिरवट डाग, मेण सुकून पांढरं पडलेलं, असं काही दिसलं तर विषय संपला. वरून स्वच्छ दिसले तरी आधी रेंज ऑफिसरला दाखवा.

घोडा दाबला आणि नुसता टिक आवाज आला, तर रायफल लक्ष्याकडेच धरून ठेवा, बोल्ट उघडू नका, तीस सेकंद मोजा आणि हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा राउंड मारायचा नाही, रायफल तशीच गनस्मिथकडे न्यायची. उरलेले डबे घरच्या कचऱ्यात टाकू नका, कुठे जमा करायचे ते परवाना शाखाच सांगेल.