वाचकांचे प्रश्न: उद्याची बँडविड्थ आज राखून ठेवताना

प्रश्न: आमच्या दोन डेटा सेंटरांमध्ये दर रविवारी पहाटे बॅकअपची मोठी वाहतूक असते. आरएसव्हीपी, म्हणजे वाटेतल्या राउटरांकडे क्षमता मागून घेणारा प्रोटोकॉल, वापरून बँडविड्थ राखून ठेवता येते, असे आम्हाला अभ्यासक्रमात शिकवले होते. मग त्या मागणीत ‘पहाटे 2 ते 5’ एवढे का सांगता येत नाही? वाटेतल्या प्रत्येक राउटरला सुरुवातीची आणि शेवटची वेळ कळवली की काम व्हायला हवे. — एक नेटवर्क अभियंता, नाशिक

उत्तर: आरएसव्हीपी ज्या दस्तऐवजात मांडला गेला तो आरएफसी 2205 सप्टेंबर 1997 मधला आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). त्याची रचना पाहिली तर वेळेचे कलम त्यात राहून गेले असे वाटणार नाही. त्या रचनेला वर्तमानकाळाखेरीज दुसरा काळच नाही. मागणी मान्य झाली की वाटेतला प्रत्येक राउटर तिची नोंद ठेवतो, पण ही नोंद कायमची नसते. ठरावीक अंतराने, मूळ शिफारशीप्रमाणे साधारण 30 सेकंदांनी, तिला ताजे करणारा संदेश यावा लागतो. नेहमीच्या मापांनी हिशेब केला तर संदेश थांबल्यावर सुमारे 157 सेकंदांनी राउटर ती नोंद पुसून टाकतो. ही युक्ती उत्तम होती, कारण संगणक बंद पडला किंवा मार्ग बदलला तरी बेवारस नोंदी आपोआप नाहीशा होत. मात्र जी नोंद अडीच-तीन मिनिटांत विसरायची असे ठरले आहे, तिच्यावर पुढच्या रविवारचा भरवसा ठेवता येत नाही. आठवडाभर दर अर्ध्या मिनिटाला तिला जागे ठेवायचे म्हटले, तर प्रत्यक्ष एकही बाइट वाहण्याआधी प्रत्येक आरक्षणामागे वीस हजारांवर संदेश खर्ची पडतील.

आपण सुचवलेला उपाय, म्हणजे दोन्ही वेळा प्रत्येक राउटरला कळवण्याचा, पहिल्या नजरेला सरळ वाटतो आणि म्हणूनच त्यावर थोडे थांबायला हवे. मंगल कार्यालयाच्या तारखांचा विचार करा. तारखांची वही व्यवस्थापकाकडे असते. आचारी, मांडववाला आणि सनईवाला यांना निरोप वेळेवर जातो. त्याऐवजी प्रत्येकाने आपापली वही ठेवली आणि एका लग्नाची तारीख पुढे गेली, तर सगळ्यांच्या वह्यांत एकाच वेळी खाडाखोड करावी लागेल. त्यातला एक जरी चुकला, तरी नेमक्या दिवशी मांडव उभा आणि चूल थंड, असे दृश्य दिसेल. नेटवर्कमध्ये हे रोजचेच आहे. एखादी लिंक तुटली, नवी जोडली गेली किंवा मोठी मागणी आली, की भविष्यातल्या कितीतरी आरक्षणांचे मार्ग नव्याने ठरवावे लागतात. त्या नोंदी राउटरांत असतील, तर एका बदलासाठी शेकडो राउटरांतल्या अजून सुरूही न झालेल्या आरक्षणांची दुरुस्ती करावी लागते, आणि दरम्यान एखादा राउटर पुन्हा सुरू झाला असेल तर त्याच्या वहीचे काय झाले याचा शोध वेगळाच.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने जुलै 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी 8413 मध्ये नियोजित वेळेच्या आरक्षणाची चौकट मांडली आहे. तिच्यातला मुख्य निर्णय हाच आहे, की भविष्याची वही राउटरांकडे ठेवायची नाही. मार्ग काढून देणाऱ्या मध्यवर्ती घटकाकडे, म्हणजे पाथ कम्प्युटेशन एलिमेंटकडे, ती ठेवायची. या घटकाला थोडक्यात पीसीई म्हणतात. जाळ्याचा नकाशा, आज चालू असलेले मार्ग आणि पुढच्या प्रत्येक कालखंडासाठी कबूल केलेली क्षमता, हे सारे त्याच्यापाशी असते. वेळ आली की तो मार्ग उभारण्याची आज्ञा देतो आणि राउटरांच्या दृष्टीने ती मागणी ‘आत्ताची’च असते. ऑक्टोबर 2020 च्या आरएफसी 8934 ने त्यापुढचे काम केले: पीसीईशी बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये सुरुवातीची वेळ, कालावधी, ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती आणि वेळ थोडी मागेपुढे सरकवण्याची मुभा, यांसाठी जागा करून दिली. आपल्या दर रविवारच्या बॅकअपला लागणारी पुनरावृत्ती त्यात बसते.

सगळी मदार एका ठिकाणी आली की ते ठिकाण पडल्यावर काय, ही शंका रास्त आहे. पीसीईची दुसरी प्रत असावीच लागते आणि दोन्ही वह्या सतत जुळवाव्या लागतात. तरीही दोन वह्या जुळवणे हे दोनशे वह्या जुळवण्यापेक्षा सोपे आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न: एका लिंकवर आधीची आरक्षणे असताना नवी मागणी स्वीकारायची की नाही, हे कसे ठरवतात? मागितलेल्या कालावधीतला सरासरी वापर काढून त्यात नवी मागणी मिळवली तर चालेल का? — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: सरासरी चालणार नाही. का ते एका उदाहरणाने पाहू.

10 गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची एक लिंक आहे आणि तिच्यातले 8 गिगाबिट आरक्षणासाठी मोकळे ठेवले आहेत. पहिल्या ग्राहकाने पहाटे 1 ते 4 या वेळेसाठी 4 गिगाबिट घेतले आहेत, दुसऱ्याने 3 ते 6 साठी 3 गिगाबिट. आता आपण 2 ते 5 या वेळेसाठी 3 गिगाबिट मागता. 2 ते 3 या तासात 4 गिगाबिट गुंतलेले आहेत, 3 ते 4 या तासात दोन्ही ग्राहक एकत्र आल्यामुळे 7, आणि 4 ते 5 मध्ये फक्त 3. तिन्ही तासांची सरासरी साधारण 4.67 येते, तीत आपले 3 मिळवले तर 7.67, म्हणजे 8 च्या आत. कागदावर मागणी बसली. प्रत्यक्षात मात्र 3 वाजता लिंकवर 10 गिगाबिटची कबुली झालेली असेल, म्हणजे मर्यादेपेक्षा 2 गिगाबिट जास्त. त्यामुळे तपासायचा असतो तो मागितलेल्या कालावधीतला सर्वात गर्दीचा क्षण, आणि तोही मार्गातल्या प्रत्येक लिंकवर. गर्दी केवळ एखादे आरक्षण सुरू होते किंवा संपते तेव्हाच बदलत असल्याने प्रत्येक सेकंद तपासावा लागत नाही. आरंभ आणि अंताचे क्षण क्रमाने लावून ठेवले की तेवढेच पाहिले तरी पुरते.

मागणी अशी नाकारली गेली, तर पुढे काय? साधी यंत्रणा ‘नाही’ म्हणून मोकळी होते. बरी यंत्रणा ‘4 ते 7 चालेल का’ असे विचारते, कारण त्या वेळेत गर्दी 6 च्या वर जात नाही. पण खरा प्रश्न असा, की आपल्याला 3 गिगाबिट हवे होते का? 3 गिगाबिट दराने तीन तास म्हणजे सुमारे 4 टेराबाइट. आपल्याला बहुधा 4 टेराबाइट पहाटे 5 च्या आत पलीकडे पोहोचवायचे होते, दराशी आपले काही देणेघेणे नव्हते. मागणी तशी मांडली असती, तर पहिल्या तासात 4, दुसऱ्यात 1 आणि तिसऱ्यात 4 गिगाबिट देऊन ती याच लिंकवर, याच वेळेत, कोणालाही धक्का न लावता पूर्ण झाली असती. सेवेची रचना करणाऱ्यांनी ग्राहकाला कोणते प्रश्न विचारायचे हे आधी ठरवले, तर नकारांची संख्या बरीच कमी होते. अर्जात दराचा रकाना असेल तर लोक तो भरतातच, मग तो आकडा त्यांना हवा असो वा नसो. थेट प्रक्षेपणाची गोष्ट अर्थातच निराळी. तिथे दर हीच गरज आहे आणि त्यात लवचिकता मागण्यात अर्थ नाही.

आपल्या पत्रात नसलेली एक अडचणही इथे सांगतो. वही भरणाऱ्याला आगाऊ नोंदणी करणारे सोपे जातात. त्रास देतात ते आत्ता आलेले आणि कधी जाणार ते न सांगणारे. आज दुपारी 3 गिगाबिटचा मार्ग कोणी मुदत न देता उभारला, तर तो पहाटे 3 वाजता असेल की नसेल? असेल असे धरले, तर वही कायम भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात लिंक रिकामी राहते. नसेल असे धरले, तर दिलेला शब्द मोडण्याची पाळी येते. यावर तीन वाटा आहेत: अशा मागण्यांना कमाल मुदत घालणे, आगाऊ आणि तत्काळ मागण्यांसाठी क्षमतेचे वेगळे हिस्से करणे, किंवा प्राधान्य देऊन वेळ आल्यावर तत्काळ मार्गाला बाजूला सारणे. एमपीएलएस, म्हणजे लेबल लावून ठरलेल्या मार्गाने वाहतूक नेण्याची पद्धत, हिच्यासाठी आरएसव्हीपीचा जो विस्तार आहे त्या आरएसव्हीपी-टीईमध्ये 0 ते 7 असे प्राधान्याचे आठ स्तर असतात आणि 0 हा सर्वांत वरचा. तिसरी वाट त्यामुळे शक्य आहे, पण बाजूला सारल्या गेलेल्या ग्राहकाला ती आवडत नाही. मी मुदत घालण्याच्या बाजूचा आहे.

प्रश्न: दोन वेगवेगळ्या संस्थांची जाळी पार करून जाणारे आरक्षण कसे होते? तिथे तर एक वही असूच शकत नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर: बरोबर, आपले जाळे आतून कसे आहे हे कोणीही शेजाऱ्याला पूर्णपणे दाखवत नाही. या प्रश्नाला पहिले व्यवहारी उत्तर संशोधनासाठीच्या जाळ्यांनी दिले, कारण कण भौतिकी किंवा रेडिओ खगोलशास्त्राची माहिती एका देशातून दुसऱ्या देशात नेताना चार-पाच जाळी ओलांडावी लागतात. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील सीएमएस प्रयोगाचे एक माहिती केंद्र मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. तिथपर्यंतची वाट कोणा एकाच्या ताब्यात नसते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या जाळ्याने ऑस्कार्स नावाची आगाऊ आरक्षणाची प्रणाली बांधली होती. पुढे ओपन ग्रिड फोरमने नेटवर्क सर्व्हिस इंटरफेस, म्हणजे एनएसआय, हे मानक तयार केले आणि त्याच्या जोडणी सेवेची दुसरी आवृत्ती 2014 मध्ये जीएफडी 212 या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

एनएसआयमध्ये आरक्षण एका दमात होत नाही. आधी प्रत्येक जाळ्याला विचारले जाते आणि ज्याला शक्य आहे ते जाळे तेवढी क्षमता तात्पुरती अडवून धरते. सर्वांचा होकार आला तरच आरक्षण पक्के करण्याचा संदेश जातो. एकाने जरी नकार दिला, तर बाकीच्यांनी अडवलेली क्षमता सोडून दिली जाते. पक्के करण्याचा संदेश वाटेतच हरवला तर क्षमता अडकून पडू नये, म्हणून अडवून धरण्यालाही मुदत असते. त्यानंतरही मार्ग लगेच चालू होत नाही. आरक्षण पक्के असणे, ग्राहकाने ‘आता जोडा’ असे सांगितलेले असणे आणि ठरलेली वेळ झालेली असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच वाहतूक सुरू होते. वेळ झाली, पण ग्राहकाची तयारी नाही, असे नेहमी घडते. त्याने मध्येच सोडलेला मार्ग आरक्षण न गमावता पुन्हा जोडून घेण्याची सोयही त्यामुळेच ठेवली आहे.

वेळेचा विषय निघालाच आहे म्हणून एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही रात्रीच्या वाहतुकीचा मार्ग आरक्षित केला. अर्जात 02:00 लिहिले, यंत्रणेने होकार दिला आणि आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे 2 वाजता बॅकअप सुरू झाला तो साध्या, अरुंद मार्गाने. आरक्षित मार्ग उघडला सकाळी 7:30 ला, कारण पलीकडच्या यंत्रणेने 02:00 ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून घेतली होती आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. दोष अर्जाच्या रचनेचा होता, कारण वेळेच्या रकान्यात विभाग लिहिण्याची सक्तीच नव्हती. आरएफसी 8934 मध्ये वेळ एका ठरलेल्या क्षणापासून किंवा आत्तापासून किती सेकंद, अशी मोजतात, म्हणून ही संदिग्धता उरत नाही. मनुष्याने भरायच्या अर्जावर मात्र कोणतेही मानक लक्ष ठेवत नाही.

प्रश्न: आमच्या कारखान्यात यंत्रमानवांसाठी टीएसएन, म्हणजे वेळेचे बंधन पाळणाऱ्या नेटवर्कचे, स्विच बसवले आहेत. त्यांतही वेळेनुसार आरक्षण असते म्हणतात. ते हेच का? — एक देखभाल पर्यवेक्षक, चाकण

उत्तर: नाव सारखे असले तरी मोजपट्टी वेगळी आहे. आयईईई 802.1क्यूबीव्ही या 2015 च्या मानकात स्विचच्या प्रत्येक पोर्टवरच्या आठ रांगांना दरवाजे असतात आणि कोणता दरवाजा कधी उघडायचा याचे वेळापत्रक मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने चक्राकार फिरत राहते. सर्व स्विचांची घड्याळे 802.1एएसने एकमेकांशी जुळवलेली असतात.

गंमत अशी, की वर मी भविष्याची वही राउटरांकडे नको असे ठासून सांगितले, आणि इथे मात्र वेळापत्रक प्रत्येक स्विचमध्येच ठेवावे लागते. मध्यवर्ती घटक ते तयार करून पाठवू शकतो, आणि 2018 च्या 802.1क्यूसीसीमध्ये तशी व्यवस्था आहे. पण दर काही मायक्रोसेकंदांनी ‘आता उघड’ अशी आज्ञा दुरून पाठवणे शक्य नाही. शिवाय हे वेळापत्रक लहान असते, तेच ते फिरत राहते आणि पुढच्या रविवारची त्याला चिंता नसते.

आपल्या स्विचांचे पोर्ट 100 मेगाबिटचे असतील तर एक तपासणी जरूर करावी. यंत्रमानवाचा दरवाजा उघडण्याच्या क्षणी एखादी पूर्ण लांबीची सामान्य फ्रेम (एका दमात पाठवला जाणारा डेटाचा तुकडा) नुकतीच निघालेली असेल, तर ती वाट मोकळी करायला सुमारे 123 मायक्रोसेकंद घेते. म्हणून त्या आधी तेवढा काळ बाकीचे दरवाजे बंद ठेवावे लागतात. 1 गिगाबिटवर हाच काळ साधारण 12 मायक्रोसेकंदांवर येतो. चालू फ्रेम मध्येच थांबवण्याची सोय दोन्ही टोकांच्या उपकरणांत असेल, तर तो आणखी कमी करता येतो.