एकाच डेस्कटॉपला दहा-बारा उपकरणं जोडायची असतील तर कशी जोडावीत?

तुम्ही लिहिलंय की सेवा केंद्रात डेस्कटॉप एकच आहे आणि त्याला दोन प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, बोटाचे ठसे घेणारं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, वायरलेस कीबोर्ड-माउस, वायफायचा डोंगल, ब्लूटूथ स्पीकर आणि बॅकअपची हार्डडिस्क एवढं सगळं लावायचंय. पोर्ट पुरेनात म्हणून हब आणला, आणि तेव्हापासून ठशाचं मशीन मधेच गायब होतं, माउस अडखळतो.

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुमच्यासारखी केंद्रं हे माझं निम्मं गिऱ्हाईक, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. पोर्ट कमी पडतात असं प्रत्येकाला वाटतं. पण यूएसबीच्या एका कंट्रोलरवर, हब धरून, १२७ उपकरणं बसू शकतात. तुमची दहा म्हणजे काहीच नाही. तुमच्याकडे कमी पडतोय तो करंट, आणि बिनतारी वस्तूंना मोकळी हवा.

आधी करंटचं बघू. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या निळ्या पोर्टमधून ९००. तुमचा हब बहुतेक बिनअडॅप्टरचा असणार. तो २.० चा असेल तर त्याला स्वतःलाच ५०० मिळतात. नियमाने बघितलं तर शंभर स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेले चार तोंडांना शंभर-शंभर वाटायचे. स्वस्तातले हब हा हिशेब पाळत नाहीत, जो ओढेल त्याला देत सुटतात. माउस-कीबोर्डचं त्यात भागतं. पण ठशाच्या मशीनचा दिवा पेटलेला असताना शेजारी तो पातळ, वेगळं अडॅप्टर नसलेला स्कॅनर सरकायला लागला की व्होल्टेज बसतं आणि मशीन गळपटतं. विंडोज उपकरण सुटल्याचा आवाज करतं, पुन्हा जोडल्याचा करतं, आणि समोरचा माणूस अंगठा ठेवून तसाच उभा!

म्हणून जी वस्तू यूएसबीतूनच जेवते, ती कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा: ठशाचं मशीन, स्कॅनर, हार्डडिस्क. वेबकॅमही शक्यतो मागेच. प्रिंटरचं उलटं आहे. त्याला भिंतीतून वीज मिळते, यूएसबीतून फक्त डेटा जातो, तेव्हा दोन्ही प्रिंटर खुशाल हबवर टाका. पुढचे दोन पोर्ट आतल्या वायरीने बोर्डाला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर यथातथाच असते. तिथे टोकन आणि गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह, बास.

हब घ्यायचाच तर अडॅप्टरवाला घ्या. काही हबना अडॅप्टरचं भोक असतं पण डब्यात अडॅप्टर नसतो, हे दुकानातच उघडून बघा. आणि एक खूण सांगतो: कॉम्प्युटर बंद केल्यावरही कॅबिनेटचा दिवा मिणमिणत राहिला किंवा पंखा हलला, तर हब उलटा करंट बोर्डात ढकलतोय. तो हब परत करा. मागे पोर्टच चार असतील तर मी हबऐवजी पीसीआय एक्स्प्रेसचं, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणारं यूएसबी कार्ड बसवायला सांगेन, पण एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर वेगळी जोडता येईल असंच.

आता माउस. यात मी स्वतः फसलोय. माझ्या दुकानातला वायरलेस माउस रोज संध्याकाळी अडखळायचा. दोनदा सेल बदलले, मग माउसच बदलला, नवाही तसाच! शेवटी लक्षात आलं की संध्याकाळी मी बॅकअप घेतो, आणि बॅकअपची हार्डडिस्क ज्या निळ्या पोर्टला लागते त्याला खेटूनच माउसचा रिसीव्हर आहे. यूएसबी ३.० चालू असताना त्याच्या केबलमधून आणि जोडणीतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ साली यावर कागदच काढला होता. माउस, कीबोर्ड, ब्लूटूथ आणि साधं वायफाय हे सगळे त्याच पट्ट्यात बोलतात. उपाय फुटकळ आहे: एक मीटरची २.० ची एक्स्टेन्शन केबल घ्या, रिसीव्हर तिच्या टोकाला लावा आणि टेबलावर माउसजवळ आणून ठेवा. नाहीतरी पत्र्याच्या कॅबिनेटमागे, भिंतीला चिकटून बसलेल्या रिसीव्हरला ऐकू तरी काय येणार?

त्याच पट्ट्यात तुमचा वायफायचा डोंगलही ओरडतोय. राउटर त्याच खोलीत असेल तर डोंगल काढाच आणि लॅनची वायर ओढा. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पाच लागेल. अर्ज भरताना पान अडकणं कमी झालं तर तो वरचा फायदा. वायर शक्यच नसेल तर वायफाय ५ गीगाहर्ट्झवर न्या, डोंगलला ते जमत असेल तर. प्रिंटरला लॅनचं भोक असेल तर तोही राउटरलाच जोडा, म्हणजे यूएसबीचं एक तोंड सुटलं. लांबच्या टेबलावरच्या प्रिंटरला तर हेच बरं, कारण यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये.

ब्लूटूथ स्पीकर मात्र तुम्हाला कशाला हवाय ते मला कळलं नाही. मागच्या हिरव्या भोकात वायरीचा साधा स्पीकर लावा. ब्लूटूथ ठेवायचंच असेल आणि ते मदरबोर्डवरच असेल, तर मागे दोन पितळी आट्यांना अँटेना लावलाय का बघा. खोक्यात तसाच पडून राहिलेला अँटेना मी कितीतरी ठिकाणी हुडकून काढलाय. आणि तारेचा एक जुना कीबोर्ड कपाटात असू द्या. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, सहसा चालत नाही, आणि विंडोज बंद पडलं की नेमकं तिथेच जावं लागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंग नसेल तर तिथेच राहतो. तोच यूएसबीच्या वायरीतून ठशाच्या मशीनपर्यंत जातो. एका केंद्रात आजीबाई अंगठा ठेवायलाच तयार नव्हत्या, म्हणाल्या, ‘चावतंय रे बाबा!’ पोरं हसली, आजी बरोबर होत्या. अशाने ठसा नीट उमटत नाही, आणि वेगळ्या सॉकेटवरचा प्रिंटर जोडताना पोर्टही जळू शकतो. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि सगळं एकाच बोर्डावर घ्या. लेझर प्रिंटर तेवढा यूपीएसवर नको. तापताना तो इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस लगेच बोंबलतो.

जोडताना एकेक वस्तू जोडा, तिचा ड्रायव्हर टाका, चालवून बघा, मगच पुढची. नंतर पोर्ट बदलू नका. बऱ्याच वस्तूंना विंडोज पोर्टवरून ओळखतं. पोर्ट बदलला की प्रिंटर ‘कॉपी १’ नावाने पुन्हा उगवतो आणि प्रिंट जुन्या नावाला जाऊन अडकते. ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिसही (आधारसाठी ठसा पाठवणारं त्याचं सॉफ्टवेअर) कधीकधी अशीच रुसते. मी पोर्टशेजारी आणि वायरीवर सारख्याच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो, झाडताना कोणी वायर काढली तरी परत तिथेच लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू द्यायची खूण काढून टाका. दुपारी केंद्र रिकामं असताना मशीन झोपी जातं आणि उठतच नाही, ते यामुळे.

खर्चाचं म्हणाल तर आज फक्त एक्स्टेन्शन केबल आणा, आणि ठशाचं मशीन हबवरून काढून मागे लावा. दोन दिवस चालवून बघा. तरीही ते गायब होत असेल तर मदरबोर्डचं नाव आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, कुठलं कार्ड बसेल ते सांगतो.