विमानाचं अंतर एकच, मग वेळ वेगळी का?

प्रश्न: संकेतस्थळावर दोन विमानतळांमधलं अंतर दिसतं. त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागलं, तर तिकिटावरच्या वेळेपेक्षा कमी तास येतात. चूक कुठे होते?

भागाकार बरोबर आहे, पण तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, सगळं त्यात येतं. शिवाय वेळापत्रक बिघडू नये म्हणून कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोहोचतं. ढोबळ अंदाज हवा असेल तर ८५० ने भागा आणि वर अर्धा-पाऊण तास धरा.

प्रश्न: लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास लागतात, येताना सातच्या आसपास. रस्ता तोच ना?

अंतर तेच, सुमारे ५,५५० किलोमीटर. रस्ता मात्र तोच असेलच असं नाही. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा ९०० चा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. पाठीमागून १५० चा वारा मिळाला तर जमिनीवरून वेग १,०५० भरतो; समोरून आला तर ७५०. अख्ख्या वाटेवर असाच वारा राहिला, तर फरक दोन तासांचा होतो. हिवाळ्यात वाऱ्याचा जोर वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाने न्यूयॉर्क–लंडन अंतर पाच तासांच्या आत कापलं होतं. म्हणून रोज वारा पाहून मार्ग आखतात: येताना वाऱ्यात शिरायचं, जाताना त्याला बगल द्यायची. नकाशावर लांब दिसणारा रस्ता घड्याळात जवळचा ठरतो, तो असा.

प्रश्न: टोकियो–न्यूयॉर्क सर्वांत जवळचा मार्ग अलास्कावरून जातो, हे खरं?

खरं आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, लगेच दिसेल. सपाट नकाशा ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे दाखवतो, त्यामुळे सरळ वाट वाकडी भासते.

प्रश्न: हेलसिंकी–टोकियो प्रवास अचानक इतका लांबला कसा?

२०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. विमानतळ जागच्या जागी, अंतराचा आकडाही तोच. पण साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेराच्या घरात गेला. अंतर सांगणारी संकेतस्थळं असा वळसा मोजत नाहीत. तारीख ठरवताना चालू वेळापत्रकच बघा.

प्रश्न: टोकियोहून संध्याकाळी पाचला निघून त्याच दिवशी सकाळी अकराला लॉस एंजेलिस? छापखान्याची चूक?

नाही. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. उन्हाळ्यात लॉस एंजेलिस टोकियोच्या १६ तास मागे असतं. दहा तास उडालात, सोळा तास मागे गेलात, हिशेब जुळला. परतताना मात्र एक तारीख जास्तीची धरा आणि हॉटेलचं आरक्षण त्याप्रमाणे करा.