चेहऱ्याच्या त्वचेच्या मॉडेलसाठी यंग्ज मॉड्युलस किती घ्यावा?

गालाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (बारीक तुकड्यांत विभागलेलं संगणकावरचं रूप) करताय आणि कातडी किती ताठ आहे ते सांगणारा एक आकडा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, हवाय. नाही देणार. एम.टेक.ला असताना हेच मी आमच्या गाईडना विचारलं होतं. त्यांनी एका पेपरवर बोट ठेवलं, "हा टाक आणि पुढे जा." त्या 'पुढे'त माझे चार महिने गेले.

मॉडेलला हसवलं की गाल खोडरबरासारखा नुसता सरकायचा, नाकाशेजारची घडी पडायचीच नाही. शेवटी कोथरूडच्या घरी आईला खुर्चीत बसवलं, काजळाच्या पेन्सिलीने गालभर ठिपके काढले, समोर दोन कॅमेरे लावले. "हलू नकोस" म्हटलं की तिला जास्तच हसू यायचं. मध्येच बेल वाजली, ती तशीच दार उघडायला गेली. दूधवाला म्हणाला, "काकू, कांजिण्या?" निम्मी रीडिंग वाया. पण ती वैतागून पलंगावर आडवी झाली, तर तेच ठिपके कानाकडे सरकलेले! म्हणजे बसलेल्या माणसाचा स्कॅन घेऊन आपण ज्याला मूळ आकार म्हणतो, त्यात गुरुत्वाकर्षण आणि कातडीचा स्वतःचा ताण आधीच मुरलेला असतो. लँगर या शरीररचनातज्ज्ञाने 1861 मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती लांबट झाली, म्हणजे कातडीचा ताण दिशेनुसार वेगळा. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि आम्ही सगळ्या दिशांना एकच मॉड्युलस टाकत होतो.

सक्शन प्रोबने (कातडी हवेने आत ओढून मोजणाऱ्या यंत्राने) मोजणार असाल तर भोकाचा व्यास बघा. 2 मिमीला वरची कातडीच कळते, 8 मिमीला खालची चरबीही ओढली जाते. दोन्ही आकडे खरेच, पण वेगळ्या गोष्टींचे. मटेरियल ओग्डेन (रबरासारख्या खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थांचं गणिती सूत्र) घ्या, कातडी, चरबी आणि स्मास (चरबीखालचा, चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेला पडदा) हे थर वेगळे ठेवा, आणि आधीचा ताण द्याच. पॉइसन रेशो 0.5 च्या जवळ नेलात, म्हणजे दाबूनही आकारमान बदलत नाही असं मानलंत, तर साधे चार नोडचे टेट्राहेड्रॉन (मॉडेलचे चार टोकांचे तुकडे) लॉक होतात, म्हणजे खोटे ताठ होतात; दाब वेगळा मोजणारे हायब्रिड तुकडे वापरा.

हां, माझं सगळं मोजमाप एका आईवर झालेलं, तेही साठीच्या. तुमच्या पेशंटला ते जसंच्या तसं लावू नका.

आणि सरांचा तो पेपर मी नंतर नीट वाचला. आकडा हाताच्या कातडीचा होता. मनगट ते कोपर, आतली बाजू. व्हायव्हात हे सांगितलं, तर म्हणाले, "कातडी ती कातडीच."